ती रांग साखरेची नव्हती

प्रिय शुवाई, माझ्या धाकट्या सवती,

तू बरी असशील तर मीही बरी आहे. आपल्याकडे अशीच सुरुवात करायची रीत, आणि मला ती फार आवडते. स्वतःच्या तब्येतीचा सगळा भार समोरच्याच्या डोक्यावर ठेवून मोकळं होता येतं. सवत म्हटलेलं वाचून तुझ्या तिकडच्या मैत्रिणी हसल्या तर हसू देत. तू रांगत होतीस तेव्हापासून तुझे आजोबा तुला 'माझी धाकटी बायको' म्हणायचे, कोंबडीची तंगडी तुझ्या ताटात टाकायचे आणि मला म्हणायचे, "थोरलीनं आता रश्श्यावर भागवावं, तिचे दात पडायला आले." दात अजून आहेत. आजोबा गेले. आता भांडायला मला सवतीशिवाय कुणी उरलं नाही, आणि ती सवतही लिंपोपो नदीच्या, म्हणजे सीमेच्या, पलीकडे जाऊन बसलीय.

फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. फोनवर मी तुला फसवते, म्हणून. तू काही खरं विचारलंस की मी थट्टा करते, तू हसतेस, मग तुझे पैसे संपतात आणि दोघी सुटतो. पत्रात तसं पळता येत नाही, निदान मावुंगा मास्तरांचं तसं म्हणणं आहे. हे पत्र तेच लिहितायत. अक्षर त्यांचं, शब्द माझे, आणि मध्येच एखादं फार शहाणपणाचं वाक्य आलं तर ते त्यांनी घुसडलंय असं समज. मास्तर कोण ते पुढे सांगते. तुला ते ठाऊक नाहीत. तू गेलीस त्यानंतरचे आहेत.

तुझा प्रश्न मी विसरलेली नाही. तुझा तो पाववाला (त्याचं नाव ल्योनार्ड आहे हे मला माहीत आहे, पण बेकरीत काम करणाऱ्याला पाववाला म्हटलं तर काय बिघडलं) लग्नाची गुरं घेऊन यायला तयार आहे. ती बांधून घ्यायची तुझ्या बापानं. बाप नाही, तर बापाच्या भावानं. आणि जोकोनिया काका म्हणतो, "गारिकाई जिवंत असेल तर त्याच्या लेकीची गुरं मी माझ्या गोठ्यात कशी बांधू? तो येऊन माझी मान धरेल. आणि मेला असेल, तर त्याला आधी घरी आणल्याशिवाय कशी बांधू? मग तर तो रोज रात्री येऊन धरेल." जोकोनिया तसा बावळटच, पण यात त्याचं चुकत नाही. ज्याचं प्रेत सापडत नाही त्याच्यासाठी बकऱ्याचं डोकं त्याच्या कपड्यात गुंडाळून पुरायचं आणि रडायचं, म्हणजे त्याच्या आत्म्याला घराची वाट सापडते. पण त्याआधी कुणीतरी तोंडानं म्हणायला हवं की तो मेला. कुणी, तर आईनं. आणि एकदा नोव्हेंबर लागला की महिनाभर ना पुरणं ना लग्न, सगळं बंद. त्यात पेरणी येते. म्हणजे माझ्या एका शब्दापायी तुझं लग्न अडलंय. तू फोनवर विचारतेस, "आजी, काकांना काय सांगू?" आणि मी विचारते, "तिकडे पाव केवढ्याला आहे गं?"

ही खोड मला एकटीलाच नाही. महागाईच्या त्या वर्षांत आपल्या सगळ्या मुचेके वस्तीला ती लागली होती. माणसं भेटली की 'झोप लागली का' असं विचारायचीच बंद झाली. फाटकाशी येऊन म्हणायची, "साबण कुठे दिसला का? सकाळचा भाव दुपारी राहिला नाही." कुणाला मूल झालं, कुणाचं लग्न मोडलं, कोण गेलं, हे सगळं भावाच्या मागून शेपटासारखं यायचं. मी तेव्हा फाटकाशी पालेभाजीच्या जुड्या विकायची, तुला आठवतं. रोज भाव वाढवायची लाज वाटे, म्हणून मी जुडीच बारीक करत गेले. शेवटी समोरची एव्हलिन म्हणाली, "चिहेरा, ही जुडी आहे की कानात खोवायचं फूल?" आमच्या कुळातल्या बायकांना चिहेरा म्हणतात आणि त्या तोंडाळ असतात असा समज आहे. तो खोटा कशाला पाडायचा, म्हणून मी म्हटलं, "आधी तुझ्या हातातलं बघ, ती नोट आहे की नाक पुसायचा कागद?" दोघी पोट धरून हसलो, आणि ती तेवढीच जुडी घेऊन गेली. गंमत अशी की रोपाला यातलं काहीच कळलं नव्हतं. ते पूर्वीइतकंच पाणी पीत होतं, पूर्वीइतकीच पानं देत होतं. म्हणजे भाजी महाग झालीच नव्हती. पैसा पातळ झाला होता.

हे पुढे मास्तरांना सांगितलं तर ते खडू शोधायला लागले. म्हणाले, शेतं ओस पडली, कारखाने थांबले, बाजारात माल कमी झाला, आणि सरकारकडे देणी द्यायला काही उरलं नाही म्हणून ते नोटा छापत सुटलं. नोटा ढीगभर आणि पोतं एकच. जो तो जास्त बोली लावणार. मी म्हटलं, एवढंच ना? कोंबडी एक आणि पाहुणे दारात वाढतायत, अशा वेळी घरची बाई रश्श्यात पाणी घालते. पहिल्या दिवशी कुणाला कळत नाही, उलट सगळ्यांच्या वाट्या भरलेल्या दिसतात. मग चव गेली म्हणून लोक दोन वाट्या मागतात. मग ती आणखी पाणी घालते. शेवटी पातेलं उतू जातं आणि सगळे उपाशी. मास्तर म्हणाले, "तुम्हाला ठाऊक असणारच. तुमचा रस्सा मी चाखलाय." हे वाक्य लिहिताना ते स्वतःच हसतायत. लिहा, लिहा.

मग हुकूम निघाला, सगळ्यांनी भाव निम्मे करा. ते दिवस तू विसरली नसशील. तपासनीस दुकानात शिरत, मागून आपण सगळे. कोपऱ्यावरचा दुकानदार डोक्यावर हात ठेवून उभा, आणि वस्ती लग्नघरासारखी हसतेय. तुझ्या बापानं दोन इस्त्र्या आणल्या. मी म्हटलं, "अरे, वीज कुठे आहे?" तर म्हणतो, "आई, स्वस्त होत्या." दोन दिवस आम्ही सगळे श्रीमंत होतो. त्यानंतर दुकानात काही आलंच नाही. पदरचं घालून कोण विकणार? तो दुकानदार रोज सकाळी दार उघडायचा, रिकाम्या फळ्या फडक्यानं पुसायचा आणि स्टुलावर बसायचा. भाव मात्र अगदी कमी होता, हे कबूल करायला हवं. नसलेल्या तेलाचा इतका कमी भाव मी जन्मात पाहिला नव्हता.

गारिकाईचा पगार बँकेत यायचा, आणि बँक रोज थोडाथोडाच हातात द्यायची. गॅरेजातली माणसं पहाटेपासून बँकेच्या पायरीवर. एक महिना असा आला की सगळा पगार मिळून कपडे धुवायच्या साबणाची एक वडी आली. त्यानं ती टेबलावर ठेवली, समोर बसला आणि म्हणाला, "आई, महिनाभर बसखाली पडून होतो. चला, निदान हात धुवायची सोय झाली." तो हसला, तू हसलीस, मीही हसले. मी त्याच्या हातांवर पाणी ओतलं. इंजिनाचं काळं काही निघालं नाही. त्याच रात्री जेवताना तो म्हणाला की पलीकडे जातो, तेल, मीठ, साखर घेऊन येतो, जमलं तर काम बघतो. पासपोर्टसाठी किती खेटे घातले होते त्यानं! फी घेऊन निघायचा, आणि खिडकीपर्यंत पोचेपर्यंत फी बदललेली असायची. म्हणून मग पुलावरून नाही, नदीतून. पावसाचे दिवस होते. मी म्हटलं, "पाणी उतरू दे." तो म्हणाला, "आई, पाणी उतरतं. भाव उतरत नाहीत."

थोड्या महिन्यांनी तूही गेलीस. बापाला शोधते म्हणालीस आणि काम शोधलंस. बरं केलंस. तुझ्यासाठी आजोबांचा शेवटचा बैल विकला आणि त्याच दुपारी तुझी पासपोर्टची फी भरली. पैसे रात्रभर घरात ठेवले असते तर सकाळी त्यात बैलाचं शेपूटही आलं नसतं. तू पुलावरून गेलीस, कागद दाखवून, मान वर करून. मी बसच्या मागे हात हलवला. घरी आले आणि जुन्या सवयीनं तिघांचा सड्झा शिजवला. मक्याचं पीठ त्या दिवसांत सोन्याच्या भावानं, आणि मी तिघांचा शिजवला! स्वतःला शिव्या घातल्या. पण दुसऱ्या दिवशी एकटीपुरतं पाणी ठेवलं तर पातेल्याचा तळसुद्धा झाकला जाईना.

सरकार म्हणालं, आता शून्यं कापतो. दहा शून्यं एका रात्रीत गेली, जशी शाळेतल्या पोरांची डोकी उवा झाल्या की भादरतात. डोकं गुळगुळीत, उवा तिथेच. शून्यं पुन्हा उगवली. मला अक्षर येत नाही पण नोटा मी रंगावरून आणि चित्रावरून ओळखायची. म्हशीची नोट म्हणजे एवढं, धरणाची म्हणजे तेवढं. मी म्हैस शिकेपर्यंत म्हैस बाद, धरण शिकेपर्यंत धरण बाद. शिकलेल्यांची गत माझ्याहून निराळी नव्हती, एवढंच समाधान. मी जन्मभर जिथे होते तिथे सगळे येऊन बसले.

आता ती रांगेची गोष्ट. ही तुला मी कधी सांगितली नाही. रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग विचारायचं, हा त्या दिवसांचा कायदा. विचारायला थांबलं की चार माणसं पुढे घुसत. एका सकाळी मी पिशवी घेऊन निघाले, तर चर्चच्या सभागृहाच्या फाटकातून बाहेर थेट कोपऱ्यापर्यंत रांग. मी उभी राहिले. पुढचा माणूस कुणालातरी म्हणत होता, "आता आत घेतायत." म्हटलं, साखर असणार, चर्चमध्ये वाटतात कधीकधी. माझ्या पुढची बाई रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "रडू नकोस बाई, आत अजून असेल. सगळ्यांना थोडंथोडं मिळेल." तिनं वळून मला मिठी मारली आणि आणखी जोरात रडायला लागली. मला वाटलं, बिचारीच्या घरी लहान मुलं असतील. पुढे सरकत दारापाशी आलो तर पुरुषांनी टोप्या काढल्या. साखरेपुढे टोपी काढणारी माणसं बघून मला बरं वाटलं. म्हटलं, लोकांना किंमत कळायला लागली. आम्ही आत शिरलो.

मग पुढची बाई बाजूला झाली आणि माझ्यासमोर उघडी शवपेटी.

शेवटचं दर्शन घ्यायच्या रांगेतून मागे फिरता येत नाही, तुला ठाऊक आहे. तसं करणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडावर दार आपटणं. मी पिशवी शालीखाली लपवली आणि वाकून बघितलं. माझ्याच वयाची बाई. चेहऱ्याला तेल लावलेलं, डोक्याला निळा रुमाल नीट बांधलेला. कुणीतरी मायेनं बांधला होता. मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. आणि शुवाई, मी जी रडायला लागले ती थांबेचना. मला धरून घरच्या बायकांमध्ये चटईवर बसवलं. लोक कुजबुजत होते की ही नक्की बहीण असणार. कुणासाठी रडतेय हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. साखरेसाठी नव्हते, एवढं कळत होतं.

सगळं आटोपल्यावर एक उंच, वाकलेला म्हातारा माझ्यापुढे येऊन बसला. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि विचारलं, "बाई, तुम्ही माझ्या एस्नातच्या कुठल्या?" खोटं बोलायला खूप जागा होती. पण मी म्हटलं, "माफ करा बाबा, मी साखरेची." त्याला कळेना. मी शालीखालून पिशवी काढून दाखवली. तो पिशवीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि हसायला लागला. बायको जमिनीत जाऊन तास झाला नव्हता आणि हा माणूस खांदे हलवून हसतोय! त्याच्या बहिणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं, आता दुसरी शवपेटी लागणार. तो डोळे पुसत म्हणाला, "एस्नात असती तर तिनं हे आठवडाभर सगळ्यांना सांगितलं असतं." निघताना त्यानं मला चहासाठी आणलेल्या साखरेतली मूठभर कागदात बांधून दिली. म्हणाला, "एवढा वेळ रांगेत उभ्या होतात, रिकाम्या हातानं जाऊ नका."

ते हे मावुंगा मास्तर. तेव्हापासून भाजी घ्यायला येतात आणि भाजी विसरून जातात. त्यांच्या मुली इंग्लंडमध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं काम करतात. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना. दर महिन्याला पैसे येतात आणि मास्तर स्वतःचं पाणी स्वतः तापवतात. आम्ही दोघं पेरूच्या झाडाखाली बसतो. ते एस्नातबद्दल बोलतात, मी भावाबद्दल बोलते. एकदा ते म्हणाले, "तुम्ही गारिकाईबद्दल कधी बोलत नाही." मी म्हटलं, "तो आला की तोच बोलेल."

आणि मग एक दिवस महागाई थांबली. सरकारनं आपला पैसा सोडूनच दिला आणि अमेरिकेचा डॉलर, नदीपलीकडच्या देशाचा रँड चालू झाला. आपला डॉलर मेला तेव्हा कुणी दर्शनालाही उभं राहिलं नाही. पोरं त्याच्या नोटांचे पतंग करत होती. आता भाव जिथे आहेत तिथेच उभे आहेत, खुंट्याला बांधलेल्या गाढवासारखे. सुट्ट्या पैशांऐवजी दुकानदार गोळ्या देतो, तेवढीच काय ती पीडा. तुझा पाववाला म्हणाला होता म्हणे की आईची गाय डॉलरमध्ये देतो. त्याला सांग, ती नवरीच्या आईच्या मानाची गाय, आणि तुझी आई नाही म्हणून ती चार पायांवर चालत तुझ्या मामांच्या दारी गेली पाहिजे. आपले पूर्वज काही बँकेत कामाला नव्हते, पण नोटेला वासरू होत नाही एवढं त्यांना कळत होतं.

दुकानात साखर आता पोत्यांनी आहे. रांग नाही. मी आत जाते, घेते, बाहेर येते, आणि कुणाशी एक शब्द बोलणं होत नाही. त्या रांगांत ऊन लागायचं, भांडणं व्हायची, पण बाजूची बाई आपल्या पोराचं सगळं सांगायची आणि मी माझं सांगायची, की तो पलीकडे गेलाय, येईल. तेव्हा सगळ्यांचेच कुणी ना कुणी पलीकडे होते. सगळ्यांचेच 'येईल' होते. मग डॉलर आला, आणि ज्यांचे यायचे ते आले. एव्हलिनचा आला, गॅरेजातला जोसाया आला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे दोन्ही मुलगे आले आणि फळ्या भरायला लागले. महागाई थांबवायचं औषध सापडलं, शुवाई. तिनं नेलेलं परत आणायचं नाही सापडलं.

गेल्या रविवारी एक माणूस आला. मास्तर इथेच बसले होते. चाळिशीचा, उन्हानं रापलेला. म्हणाला, "आजी, मी तारुविंगा. सीमेपलीकडे शेतावर होतो, आताच परत आलो. तुमचं घर शोधत होतो. मी गारिकाईबरोबर होतो." मी त्याला बसायला स्टूल दिलं, शेंगदाणे भाजून आणले आणि बोलायला लागले. टोमॅटो कसे दिलेत, सुकट किती झालीय, बसवाले किती भाडं घेतात. त्यानं तोंड उघडलं की मी नवा भाव काढायची. "आजी, त्या दिवशी" असं तो म्हणाला, आणि मी म्हटलं, "सिमेंटचं पोतं तर विचारूच नकोस." त्यानं टोपी हातात फिरवली, पुन्हा म्हणाला, "आजी, आम्ही नदीत," आणि मी विचारलं, "तिकडे कोंबड्यांचं खाद्य काय भाव?" शेवटी तो उठला. शेंगदाणे तसेच होते. म्हणाला, "बस चुकेल, आजी. मी पुन्हा येईन." फाटक लागलं. मास्तरांनी न खाल्लेल्या शेंगदाण्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "चिहेरा, सिमेंटचा भाव तुम्हाला कधीपासून लागायला लागला?"

मी चिडले. त्यांना म्हटलं, "तुम्हाला काय, तुम्ही एस्नातचं तोंड तरी बघितलंत." ते म्हणाले, "हो. मी बघितलं." एवढंच. आणि मग शुवाई, तुझी ही म्हातारी आजी चटईवरून उठली आणि बसथांब्याकडे निघाली. निघाली म्हणजे धावलीच म्हण. एव्हलिन ओरडली, "चिहेरा, काय वाटतायत तिकडे?" मी थांबले नाही.

बस भरायची होती. तो खिडकीशी बसला होता. मी त्याला खाली उतरवलं, सावलीत नेलं आणि म्हटलं, "आता बोल. मी गप्प राहते." तो बोलला. सगळ्यांनी हात धरून साखळी केली होती. पाणी छातीपर्यंत होतं. गारिकाई सगळ्यांना हसवत होता, पलीकडे पोचल्यावर पहिल्यांदा काय खायचं ते सांगत होता. एक झाड वाहत आलं, मुळांसकट. तारुविंगाच्या हातात त्याचा हात होता, आणि मग नव्हता. ते सगळे दिवस मावळेपर्यंत काठाकाठानं शोधत खाली गेले. मी एकच विचारलं, ओरडला का. तो म्हणाला, "नाही आजी. वाक्य अर्धं राहिलं." हे सांगायला मी पत्र लिहून घेतेय. फोनवर मी तुला हे सांगितलं नसतं, पावाचा भाव विचारला असता. जोकोनिया काकाला कळव, आईनं सांगितलंय म्हणून कळव, की गारिकाई मेला. हे मी बोलले आणि मास्तरांनी लिहिलं. मी त्यांना म्हटलं, यातला तो शब्द कुठला ते दाखवा, आणि त्यांनी माझं बोट धरून त्यावर ठेवलं. एवढासा आहे गं. मला वाटलं होतं, ओळभर असेल. त्याचा तपकिरी सदरा मी काल धुऊन वाळत घातला, गुंडाळायला तोच घेऊ. बकरं जोकोनिया आणेल. नोव्हेंबर लागायच्या आत ये. पाववाल्याला त्याची गुरं घेऊन मागाहून येऊ दे, आधी तू एकटी ये, कारण हे रडणं माझ्याच्यानं एकटीनं व्हायचं नाही.

आता तुझ्या एकटीचीच,
आजी